एक वाटी बटाटा

वन्सं, तुमची वाटी सापडली. तुरीच्या डाळीच्या डब्यामागं पालथी पडली होती. बुडाला 'निर्मला' कोरलेलं, तेही घासून घासून पुसत आलेलं. तेराव्याच्या गर्दीत कुणीतरी चुकून नेली असं समजून मी दोन दिवस साऱ्या घरावर करवादत होते. सापडली तेव्हा मात्र ती हातात घेऊन तिथंच फरशीवर बसले. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. परभणीच्या दवाखान्यात मी रडले नाही, घरातून तुम्हाला उचललं तेव्हाही रडले नाही. बायका कुजबुजल्या, नणंद गेली, हिला मोकळं झाल्यासारखं वाटत असेल. ते सगळं रडू या वाटीपाशी येऊन निघालं.

शाळेत शोकसभा झाली. एक बाई म्हणाल्या, निर्मलाताई शांत, सोशिक आणि मितभाषी होत्या. मला त्या गंभीर सभेत हसू आवरेना. तुम्ही आणि मितभाषी! नव्या नवरीला पहिल्याच आठवड्यात "शालू, तू भाकरी थापायलीस का नकाशा काढायलीस?" असं साऱ्यांच्या देखत विचारणाऱ्या तुम्ही. भाजीवाल्याच्या काट्याखाली बोट घालून त्याला तरफेचा नियम शिकवणाऱ्या तुम्ही. सायन्स शिकवता शिकवता तुम्हाला सगळं जग नववीचा वर्ग वाटायला लागलं होतं. तुम्हाला शांत म्हणायचं तर गंगाखेडच्या सोमवारच्या बाजारालाही शांत म्हणावं लागेल.

मी वालूरहून या घरात आले ती अठ्ठ्याहत्तर साली. नामांतराचं पेटलं ते वर्ष. जेवताना तुम्ही आणि तुमचे भाऊ, म्हणजे आमचे हे, विद्यापीठाच्या नावावरून भांडत होता आणि मी कोपऱ्यात डोक्यावरचा पदर सावरत वाढत होते. हे म्हणायचे, "नावानं काय हुतंय अक्का, पोरान्ला नोकऱ्या पाहिजेत." तुम्ही म्हणायच्या, "नावानं काय होतंय म्हणणाऱ्यांनीच नावापायी लोकांची घरं जाळली की." मग दोघंही अर्ध्या जेवणावरून उठायचे. सोळा वर्षं ते भांडण आपल्या घरात जेवायला बसत होतं. मी त्यात कधी बोलले नाही. पण ताट अर्धं टाकून उठायची ही खोड तुम्हाला परवडणारी नव्हती, वन्सं. ह्यांना परवडत होती.

कारण तुम्हाला सुई होती, इन्शुलिनची. तेविसाव्या वर्षी लागलेली, सकाळी एक, दुपारी जेवणाआधी एक. तिच्यापायी जमलेलं लग्न मोडलं, ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत आणि तेही हसत: "बरं झालं, त्याचं सायन्स कच्चं होतं." आपल्याकडं फ्रीज नव्हता. औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरलेली असायची. रोज सकाळी तुम्ही मोरीत स्पिरिटचा दिवा पेटवून परीक्षानळीत निळं औषध आणि लघवीचे थेंब उकळायच्या. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर चालेल, पिवळं म्हणजे धोका, विटकरी म्हणजे दिवसभर तुमच्या जवळ जायचं नाही. एकीकडं आत्याबाईंची, तुमच्या आईची, पूजा चाललेली, एकीकडं तुमची. आत्याबाई घंटी वाजवत विचारायच्या, "निर्मले, काय रंग निघाला गं?" देवाला हळद वाहताना लेकीच्या लघवीचा रंग विचारणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि मिरच्या. भरल्या ढोबळ्या मिरच्या. तुम्ही बी.एड.ला हैदराबादला होता तेव्हा वसतिगृहाच्या खानसामिणीकडून शिकून आला होता. बिनहाडाचं मटण घ्यायचं, त्याचे बोटभर रुंदीचे पातळ काप काढायचे, त्याला ती पसंदे म्हणायची. पाट्यावर वरवंट्यानं हलकेच ठेचायचे, दही, आलं-लसूण, मिरं लावून ठेवायचे, मग तव्यावर चरचरून भाजून बारीक चिरायचे. कांदा, कोथिंबीर, वर किसलेलं चीज. चीजचा डबा तुमची मैत्रीण हैदराबादहून वर्षातून दोनदा पाठवायची. तुम्ही तो औषधाच्या बाटलीशेजारीच पुरून ठेवायच्या आणि पोरांच्या हाताला लागू द्यायच्या नाहीत. ढोबळ्या मिरच्या गंगाखेडात कुठल्या मिळायला! परभणीला कचेरीच्या कामाला गेले की हे शेतकी कॉलेजच्या मळ्यातून पिशवीभर आणायचे. त्या मिरच्यांची टोपणं कापून, बिया काढून, सारण भरून, झाकण ठेवून मंद आचेवर वाफवायच्या. मिरचीला सुरकुती पडली आणि चीज कडेनं ओघळलं की झालं. भाकरी नको, भात नको. "माझं हे पक्वान्न बिनभाकरीचं," तुम्ही म्हणायच्या, "पण बिनहिशेबाचं न्हाई."

तो हिशेब म्हणजे एक वाटी बटाटा. उकडून, कुस्करून, या वाटीत दाबून काठोकाठ भरलेला. सारणात तेवढाच कालवायचा, तीन मिरच्यांत वाटायचा, तिन्ही तुम्ही खायच्या. भाकरीच्या जागी तो. सुई तेवढ्या बटाट्याच्या मापानं भरायची.

आत्याबाईंच्या गळ्यात माळ. मटणाची चूल मागच्या अंगणात, पत्र्याखाली, भांडी वेगळ्या कोनाड्यात. आणि या घराचा नियम असा की आतली वस्तू उंबऱ्याबाहेर त्या चुलीकडं गेली की परत आत यायची नाही. म्हणून बटाटा तुम्ही आतल्या घरात मोजायच्या, मागच्या दाराच्या उंबऱ्याशी यायच्या, मी बाहेरून पातेली धरायची, तुम्ही वरूनच वाटी उपडी करायच्या. वाटी आत, बटाटा बाहेर. कोण कुणाला शिवलं नाही. मला सुरुवातीला हसू यायचं, पुढं सवय झाली.

वादाला सुरुवात झाली ती या गेल्या दिवाळीनंतर. डॉक्टरांनी तुमच्या पायावरची सूज दाबून पाहिली आणि ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, मूत्रपिंडं थकत चालली आहेत, साखर आवरा. त्याच सुमारास एका मासिकात मी लेख वाचला. पिष्टमय पदार्थ म्हणजे मधुमेह्याचं विष, बटाटा तर पहिला. मी तो कापून तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही चष्मा लावून वाचलात आणि त्याच कागदावर लाल पेनानं 'अर्धवट' असा शेरा मारलात.

"शालू, ज्यानं हे लिहिलं त्याला गोळ्या असतील. मला सुई हाय. सुई पोटात गेली की ती काम करणारच. तिला काम द्यावं लागतंय. बटाटा न्हाई दिला तर ती मला खाईल."

"मग सुई कमी करा."

"ते डॉक्टर ठरवंल का वालूरची शाळा?"

झालं. वालूरची शाळा काढली की माझं डोकं फिरायचं. तुम्हाला ते माहीत होतं, म्हणूनच काढायच्या.

आता जे लिहिते आहे ते तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं. संक्रांतीच्या महिनाभर आधी मी तुमचा बटाटा कमी करायला लागले. तुम्ही वाटी उपडी करून आत वळलात की मी अर्धा काढून बाजूला टाकायची आणि तेवढं चीज जास्त घालायची. कुस्करलेला बटाटा आणि किसलेलं चीज, मसाल्यात दोन्ही सारखीच दिसतात. दिवाळीपासून पिवळंच निघत होतं; दुसऱ्या दिवशी मोरीतून तुमचा आवाज आला, "आई, हिरवं!" आणि मी चुलीपुढं बसून गालातल्या गालात हसले. लाल पेनानं शेरा मारता काय! पुढच्या वेळीही अर्धा. पुन्हा हिरवं. मला वाटलं, माझंच बरोबर. मी तुम्हाला वाचवत होते, वन्सं. खरं सांगते, तुम्हाला हरवतही होते. दोन्ही एकदमच चाललं होतं.

संक्रांतीला रेडिओवर नामांतराची बातमी आली. गावात एकीकडं फटाके वाजले, दुसरीकडं दुकानांची फळकुटं धडाधड पडली. कुठं एस.टी. फोडल्याची, कुठं काय, अशा अफवा येत राहिल्या. दुसरा दिवस करीचा. सणाला आपल्याकडं शाकाहार, मटण करीला. ह्यांनी भल्या पहाटे खाटकाच्या मागच्या दारानं मटण आणलं आणि कडी लावून घेतली. कचेरीतल्या माणसाला सगळ्यांना धरून राहावं लागतं, ह्यांच्या कपाळावर सकाळपासून आठी होती. तुम्ही मात्र न्हाऊन, निळी काठाची साडी नेसून तिळगुळाचा डबा भरत होता. सविताबाईंकडं द्यायला. तुमच्याच शाळेत मराठी शिकवणाऱ्या, भीमनगरात राहणाऱ्या. दर संक्रांतीला तुम्ही त्यांच्या घरी जायच्या.

त्या दिवशी मी तुम्हाला खूश करायचं म्हणून मिरच्या भरायला घेतल्या. तुम्ही उंबऱ्याशी आलात, वाटी उपडी केलीत, म्हणालात, "आज चीज जरा हात राखून घाल, डबा संपत आलाय." आणि आत गेलात. मी पातेलीतला तो पांढरा गोळा बघितला. दोनदा अर्ध्यानं हिरवं झालं, तर अजिबात नसला तर निळं होईल. एवढाच विचार केला मी. सगळा बटाटा उचलला. परत आत न्यायची सोय नाही. मग म्हशीच्या घमेल्यात टाकला, वर थोडी पेंड लोटली आणि डबा खरवडून होतं नव्हतं ते चीज सारणात घातलं.

तुम्ही सुई घेतलीत आणि मागच्या पडवीत पाटावर बसलात. मी ताट ठेवलं. मिरच्या छान झाल्या होत्या, कडेनं चीज ओघळलेलं. तुम्ही पहिला घास घेताय न घेताय तोच हे आले.

"अक्का, आज तिकडं जायचं न्हाई."

"का?"

"का म्हनून इचारायलीस? गावात काय चाललंय दिसत न्हाई का?"

"म्हणूनच जायलेय. दर वर्षी जाते आणि आज न्हाई गेले तर तिनं काय समजायचं?"

आतून आत्याबाई म्हणाल्या, "निर्मले, करीच्या दिशी घराबाहेर पडू न्हाई बाई. उद्या जा."

तुम्ही बोलत होता आणि खात होता. दोन मिरच्या रागारागात, न चावता गिळल्यात. चव घेतलीच नाहीत. घेतली असतीत तर पहिल्या घासाला ओळखलं असतंत. मी खांबाला टेकून बघत होते. तिसरी मिरची ताटात तशीच टाकून तुम्ही उठलात, हात धुतलेत, डबा उचललात आणि गेलात. हे ओरडले, "जा! काय झालं तर मला सांगू नको!"

मी ताट उचललं. तिसरी मिरची बघितली. आणि मग, वन्सं, माझ्या ध्यानात आलं. सुई पूर्ण गेली होती. पोटात बटाट्याचा कण नाही. वर राग, वर उन्हाची चाल, भीमनगर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तुम्हीच मला शिकवलं होतं: घाम सुटेल, हात थरथरतील, मी वेड्यासारखं बोलीन, तेव्हा विचारत बसू नको, तोंडात साखर घाल, उशीर केलास तर मी उठणार नाही. मी मूठभर साखर पदरात बांधली आणि मागच्या दारानं निघाले. ह्यांना सांगितलं नाही. सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

बाजारात चिटपाखरू नव्हतं. चौकात पोलिसांची गाडी. एका पोलिसानं हात आडवा केला, "बाई, कुठं निघाल्या?" मी म्हटलं, "माझी नणंद पुढं गेली, तिला शुगर हाय." तो म्हणाला, "शुगर हाय तर घरी बसवायची." मी त्याच्या हाताखालून गेले. वाटेत प्रत्येक पायरीवर, प्रत्येक ओट्यावर तुम्ही पडलेल्या दिसायच्या आणि जवळ गेलं की कुणाचं तरी पोतं असायचं. सोळा वर्षांत मी त्या वस्तीत पाऊल टाकलं नव्हतं. घर कुठलं ते विचारावं लागलं. दारादारांत माणसं उभी होती, गुलाल अजून जमिनीवर होता, पण कुणी बोलत नव्हतं. मी आले म्हणून गप्प झाले होते. त्यांनाही माझी भीती वाटत असेल हे मला तेव्हा कळलं नाही.

सविताबाईंच्या घरात तुम्ही बाजेवर होता. साडी घामानं ओली. डोळे उघडे आणि हजेरी घेत होता, "अनिता... अनिता गैरहजर... मंगल..." सविताबाई जमिनीवर बसलेल्या, आणि त्यांच्यापुढं साखरपाण्याचा पेला तयार. भरलेला. न हललेला.

"पाजलं का न्हाई?" मी ओरडलेच.

त्या रडायला लागल्या. "दारातच कोसळल्या हो बाई. मला समजलं, शुगर उतरली. पेला केला. पण हात होईना. आजच्या दिवशी माझ्या हातचं काही यांच्या पोटात गेलं आणि वरखाली झालं तर काय म्हणतील? ह्या गल्लीचं काय होईल? तुमच्याकडं माणूस पाठवलाय सायकलीवर. तोवर नुसती बघत बसले."

मी पेला घेतला. तुमचं डोकं मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं ओतलं. अर्धं गळ्यावरून वाहिलं. पदरातली साखर बोटानं गालात चोळली. तुम्ही माझं बोट चावलंत. ती खूण अजून आहे, बघितली तरच दिसते.

तेवढ्यात हे आले, बरोबर आपल्या गल्लीतले दोघं. ह्यांचा चेहरा पांढराफटक. तुम्हाला बघितलं, पेला बघितला, आणि सविताबाईंकडं वळून म्हणाले, "काय खाल्लं अक्कानं इथं? काय दिलं तुमी तिला?"

सविताबाईंनी माझ्याकडं बघितलं. सांगू शकणारी मी एकटीच होते. मागचे दोघं पुढं सरकले. दारातली माणसंही सरकली. मला एकच वाक्य बोलायचं होतं: बटाटा मी काढला. तीन शब्द. ह्यांची भीती होती, त्या दोघांची होती, आणि सगळ्यात जास्त भीती ही की आता मला कुणी कधी तुमच्या ताटाला हात लावू देणार नाही. मी गप्प राहिले, वन्सं. एका बाईचं घर पणाला लागलेलं असताना मी मनातल्या मनात बटाटा झाकत होते.

आणि तुम्ही डोळे मिटूनच बोललात. आवाज जड होता, पण वर्गातला होता.

"दत्ता, ओरडू नको. सुई जास्त घेतली म्या. तिळगुळाच्या गडबडीत दोनदा भरली." मग थोडं थांबून, "हिच्या घरचं अजून पाणीसुदा मिळालं न्हाई मला. सविता, पाणी दे गं."

सविताबाईंनी तांब्या आणला. तुम्ही बसत्या झालात आणि त्या सगळ्यांच्या देखत, ह्यांच्या डोळ्यांत बघत, घटाघटा अख्खा तांब्या प्यालात. मग डबा उघडून तिळगूळ वाटलात. ह्यांच्या हातावरही ठेवलात, त्या दोघांच्याही. आपण रिक्षानं घरी आलो. वाटेत तुम्ही माझं चावलेलं बोट धरून बसला होता, आणि मला वाटलं, तुम्हाला भोवळ असेल.

तेव्हापासून आत्याबाईंचं एक वाक्य सुरू झालं. कुणीही भेटायला येवो, "तिचीच चूक. दोनदा सुई भरली. शिकलेली असून अक्कल न्हाई." मी ते ऐकत चहा गाळत असायची. तुम्ही ऐकून हसायच्या. मी रोज ठरवायची, आज सांगू. संध्याकाळ व्हायची, तुम्ही वह्या तपासायला बसायच्या, आणि मी उद्यावर ढकलायची. पंधरा दिवसांनी तुम्ही म्हणालात, "शालू, या रविवारी मिरच्या करशील का? चीज नसलं तर नसू दे." रविवारी तुम्ही उंबऱ्याशी आलात, वाटी उपडी केलीत आणि आत वळलात. मागं बघितलं नाहीत. मी कणभरही कमी केलं नाही. मला वाटलं, हिला काहीच माहीत नाही, बिचारी. बिचारी मी तुम्हाला म्हटलं मनात.

मग शिमग्याच्या अलीकडं तुमच्या छातीत कळ आली आणि परभणीला दोन दिवसांत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, करीच्या दिवसाचा याच्याशी संबंध नाही, हृदय आणि मूत्रपिंड आधीच गेलेली होती. मी तिघा जणांना फिरून फिरून तेच विचारलं. तिघांनीही तेच सांगितलं. वन्सं, मला त्यातला एकही पुरता पटलेला नाही.

गेल्या रविवारी सविताबाई भेटायला आल्या. ओसरीत बसल्या, हे समोर. आत्याबाईंनी माळ ओढत तेच सुरू केलं, "तिचीच चूक हो बाई. दोनदा सुई—"

"न्हाई," मी म्हणाले. "आत्याबाई, न्हाई. बटाटा मी काढला होता. मिरचीत बटाटा नव्हताच. वन्संनी सुई बरोबर घेतली होती. आणि तुमच्या घरात," मी सविताबाईंकडं वळले, "तुमच्यावर आळ यायला लागला तेव्हा मी गप्प बसले. मला सगळं माहीत होतं."

हे माझ्याकडं बघत राहिले, मग जमिनीकडं. सविताबाईंनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, आता आत्याबाई घरातून काढतील, आणि काढलं तर बरंच होईल.

आत्याबाईंनी माळ ओढायची थांबवली.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "म्हशीच्या घमेल्यात बटाटा म्याच बघितला, त्याच दिशी. पानी दाखवाया गेले तर पेंडीखाली पांढरं दिसलं. निर्मली रिक्षातून उतरून बाजंवर पडली, तवा तिच्या कानात सांगितलं. म्हनलं, तुझ्या भावजयीनं तुला मारायचं केलंतं. तर तिनं माझा हात धरला. म्हनली, आई, तू कायबी बघितलं न्हाईस. माझ्या चुकीचंच सांगत ऱ्हा, येईल त्याला सांग. शालूला कळलं आपल्याला ठावं हाय, तर ती भिऊन माझ्यासाठी परत कधी मिरच्या भरायची न्हाई."

म्हणून तुम्ही मागं वळून बघितलं नव्हतंत.

किती चिडले मी तुमच्यावर त्या दिवशी, सांगते. रात्रभर तुमच्याशी भांडले. सांगून टाकलं असतं तर मी पाया पडले असते, तुम्ही चार शिव्या दिल्या असत्या, लाल पेनानं माझ्या कपाळावर 'अर्धवट' लिहिलं असतं आणि मोकळ्या झालो असतो दोघी. दीड महिना मला एकटीला जळत ठेवलंत. पण मग आठवलं, रिक्षात तुम्ही धरलेलं ते बोट. तेव्हा तुम्हाला आत्याबाईंनी काही सांगितलंही नव्हतं. घरी पोचायच्या आधीच तुम्ही ओळखलं होतंत. सायन्सच्या बाई तुम्ही, सुई किती भरली होती ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मग उरलं काय, तर माझी पातेली.

आज सकाळी मी मागची चूल पेटवली. ह्यांनी काल परभणीहून मिरच्या आणल्या, मी न सांगता. सविताबाईंकडं डबा द्यायचाय म्हटलं तर ह्यांनी सायकलीत हवा भरून ठेवली. पसंदे भाजून, चिरून झाले आणि मी तुमच्या सवयीनं उंबऱ्याकडं बघितलं. तिथं आत्याबाई उभ्या होत्या. गळ्यात माळ, हातात तुमची वाटी. बटाटा त्यांनीच उकडला होता, कुस्करला होता, दाबून काठोकाठ भरला होता. मी पातेली पुढं केली. त्यांनी वाटी उपडी केली नाही. वाटीसकट पातेलीत ठेवली.

"आत्याबाई, वाटी! आता ती आत कशी यायची?"

"कशाला आत?" त्या म्हणाल्या. "तिची वाटी हाय. ऱ्हाऊ दे तिच्या चुलीपाशी." आणि वळून आत गेल्या. मागं बघितलं नाही.

सगळा घातला, वन्सं. कणभरही मागं ठेवला नाही.